चिमूटभर हिराकस

तिसऱ्या चित्रापाशी बाबा थबकले. काठी टेकत ते पुन्हा पहिल्याकडे गेले.

हॉलमध्ये लेकीचं तोंडभरून कौतुक चाललं होतं. सात मोठे कॅनव्हास, नुसते रंग आणि रेषा. नाव कशालाच नाही, कोपऱ्यात फक्त तारखा, महिन्यामहिन्याच्या अंतराच्या. एका गृहस्थांना त्यात सूर्यास्त दिसला, एका बाईंना चक्क विश्वाची उत्पत्ती. बाबांना अमूर्त चित्रांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चाळीस वर्षं नर्सरी चालवलेल्या माणसाला पान कळतं.

पहिल्या चित्रात फिकट पिवळ्यावर हिरव्या शिरांचं जाळं होतं. झाडाला लोह कमी पडलं की पान असंच दिसतं. चिमूटभर हिराकस पाण्यातून दिलं की महिन्याभरात सावरतं. दुसऱ्यात पिवळा पांढुरका झाला होता. तिसऱ्यात कडा करपल्या होत्या. सातव्यात राखाडीवर नुसत्या काड्या उरल्या होत्या.

हा घराच्या दारातला अनंत होता; तारखाही बाबा घरी नव्हते त्याच महिन्यांच्या. लेक जन्मली त्या वर्षी बाबांनी स्वतःच्या हातानं लावलेला. पाय मोडल्यावर आठ महिने ते थोरल्या मुलाकडे पडून होते, पण दर रविवारी फोनवर पहिली चौकशी त्या झाडाची. लेक म्हणायची, झकास आहे. मग एकदा रडत म्हणाली की अचानक कीड पडली आणि आठवड्यात झाड गेलं. तेव्हा बाबांनीच तिची समजूत घातली होती. त्याला तू काय करणार पोरी, असं चारचारदा म्हणाले होते. पोटच्या पोरीनं केसानं गळा कापला, आणि आपण तिचे डोळे पुसत बसलो.

लेक लगबगीनं आली. कशी वाटली, म्हणून विचारू लागली.

बाबांनी पहिल्या चित्राकडे बोट केलं. "हे काढलंस त्या दिवशी मला सांगितलं असतंस, तर झाड वाचलं असतं."

लेकीचा चेहरा उतरला. मला कळलंच नाही, असं ती म्हणेल, याची बाबा वाट पाहत राहिले. त्यांनी तेही खरं मानलं असतं.

"म्हणून तर नाही सांगितलं, बाबा," ती हळूच म्हणाली. "पुढची सहा झाली नसती."