काळीवरचं घर

शैला आणि श्रीरंग आतली कपाटं उघडून बघत होते, तेव्हा दिगंबरराव मागच्या दारानं बाहेर पडले आणि कुंपणापाशी जाऊन थांबले.

कुंपणापलीकडे काही नव्हतं. टेक्सासमधलं प्लेनो शहर इथं संपत होतं. पुढे नुसतं पिवळं गवत, थेट आभाळाला टेकेपर्यंत. टेकडी नाही, बांध नाही, झाडसुद्धा नाही. यवतमाळ जिल्ह्यात तीस वर्षं शेतकी अधिकारी म्हणून ते रानोरान हिंडले होते, पण नजर कशालाही न अडता इतकी लांब गेल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ ते तसेच उभे होते.

मग सवयीनं त्यांनी खाली बघितलं. माती काळी होती. ऑगस्टच्या उन्हानं तिला भेगा पडल्या होत्या. एका भेगेत त्यांनी काठी घातली. ती मुठीपर्यंत आत गेली.

"श्रीरंग, बाहेर ये जरा."

श्रीरंग आला, मागोमाग त्याची बायको शैला. त्यांनी पाहिलेलं हे नववं घर. उद्या सकाळपर्यंत होकार कळवायचा होता. शैलानं देवघराची जागासुद्धा ठरवून टाकली होती.

"एवढी खोल काळी मी जन्मात पाहिली नाही," दिगंबरराव म्हणाले. "काय पिकेल हिच्यात! पण हिच्यावर घर बांधत नाहीत रे. पावसात फुगते, उन्हात आक्रसते. पाच वर्षांत भिंती तडकतात."

"बाबा, इथं सगळं गावच ह्या मातीवर आहे," शैला म्हणाली.

"असेल. पण तडकतात."

श्रीरंगनं वाकून भेगेत बघितलं. वडिलांनी बघितल्याशिवाय घर घ्यायचं नाही, म्हणून तर त्यानं त्यांना एवढ्या लांब बोलावून घेतलं होतं.

शेजारच्या अंगणात एक म्हातारा रबरी पाइपनं पाणी घालत होता. भिंतीच्या कडेकडेनं, अगदी पायाशी. तिथं ना फुलझाड होतं ना वेल. दिगंबरराव कुंपणाशी गेले आणि आपल्या शाळेतल्या इंग्रजीत त्यांनी विचारलं, "कशाला घालताय पाणी?"

"घराला," म्हातारा म्हणाला. "पायाची माती ओली राहिली की घर हलत नाही. उन्हाळाभर रोज घालतो. चौदा वर्षं झाली."

दिगंबररावांनी भिंत बघू का म्हणून विचारलं. म्हाताऱ्यानं फाटक उघडलं. ते विटांवरून हात फिरवत सावकाश सगळ्या घराला फेरी घालून आले. कोपरे बघितले, खिडक्यांखाली वाकून बघितलं. केसाएवढीही चीर नव्हती.

"कमाल आहे," ते स्वतःशीच मराठीत म्हणाले. "तीस वर्षं मी लोकांना नको म्हणून सांगत आलो. घराला पाणी घालायचं कधी सुचलंच नाही. पण आमच्याकडे पिकाला पुरत नाही, तर घराला कुठलं."

मग त्यांनी म्हाताऱ्याला विचारलं, "आणि गावाला गेलात तर?"

"उन्हाळ्यात आम्ही कुठं जात नाही."

"शेजाऱ्याला सांगून?"

म्हातारा हसला. "शेजारी दोन दिवस घालतो. तिसऱ्या दिवशी विसरतो."

दिगंबरराव फाटकातून परत आले.

"घ्या हे घर," ते म्हणाले. "चांगलं आहे."

शैलाच्या डोळ्यांत पाणीच आलं. घर दाखवणाऱ्या बाई पुढच्या खोलीत थांबल्या होत्या. त्यांना सांगायला ती आत पळाली.

श्रीरंग तिथंच उभा राहिला. त्याची आई गुडघ्यांमुळे आली नव्हती. दर दोन वर्षांनी इथल्या उन्हाळ्यात रजा मिळे, तेव्हा जुलै-ऑगस्टात तो आणि शैला यवतमाळला जात, तेवढीच तिची त्यांची भेट.

"जुलैत तुमचं येणं व्हायचं नाही आता," दिगंबरराव म्हणाले. "आईला मी सांगतो."

"बाबा, आम्ही दुसरं काहीतरी—"

"सांगतो मी. नीट सांगतो."

पलीकडे म्हाताऱ्यानं पाइप दोन हात पुढे सरकवला. कोरडी माती पाणी पिताना बारीक आवाज करत होती. दिगंबररावांनी श्रीरंगच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघंही तो आवाज ऐकत उभे राहिले.