बोटं आत घे

बाबांची जुनी पुस्तकं तो घरीच स्कॅन करत होता. जाडजूड पुस्तक काही केल्या काचेवर सपाट राहायचं नाही, म्हणून आई शेजारी स्टुलावर बसून ते दोन्ही हातांनी दाबून धरायची. पानासोबत कडेला तिची बोटंही स्कॅनमध्ये यायची.

“आई, बोटं आत घे ना! सगळं पान खराब होतंय,” तो करवादायचा.

“घट्ट धरायचं म्हटलं की येतातच रे ती,” ती ओशाळून म्हणायची.

मग कॉम्प्युटरवर तो एकेका पानावरची तिची बोटं पुसायचा आणि मूळ स्कॅन उडवून टाकायचा.

आई गेली. कॅमेरा दिसला की ती आपली स्वयंपाकघरात पळायची, त्यामुळे भिंतीवर लावायलाही तिचा धड फोटो सापडेना.

“तुझ्या त्या पुस्तकांत तिचे हात तरी असतील ना रे?” ताईने डोळे पुसत विचारलं. “किती वेळ धरून बसायची बिचारी!”

कॉम्प्युटर लावून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं पाहिली.



एकही पान खराब नव्हतं.