भुलीतला डोळा

यंत्र खोटं बोलत नाही. खोटं मालक बोलतात, म्हणून तर आम्ही जनावरांचे डॉक्टर यंत्र विकत घेतो.

शिंपीकाका कुत्रीला उचलून घेऊन आले तेव्हा त्यांच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. कुत्रीचा उजवा डोळा रक्तानं भरला होता.

“दारावर आपटली हो. डोळा वाचेल ना?”

रक्तामुळे आतलं काही दिसेना, म्हणून भूल देऊन सोनोग्राफी करायची ठरली. नेहमीप्रमाणे आधी धड डोळा पाहिला. स्क्रीनवर तो चित्रासारखा स्थिर होता. मग मिटलेल्या उजव्या पापणीवर जेल लावून यंत्र टेकवलं.

स्क्रीनवरचा डोळा हलला आणि काकांकडे वळला.

काका खिडकीशी गेले, डोळा खिडकीकडे वळला. ते दाराशी आले, तर दाराकडे.

“भूल कमी पडली का?” मदतनीस बाईंनी हळूच विचारलं. कुत्री तर घोरत होती.

काकांनी स्क्रीनकडे पाहिलं. “मापाची लाकडी पट्टी मारली मी,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही फाडली होती तिनं. बाही काय, पुन्हा शिवता येते. चाळीस वर्षं शिवतोय, एवढं कळू नये मला?”

धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “काढावा लागेल.”

डोळा माझ्याकडे वळला.

मी तो काढला. आठवड्यानं प्रयोगशाळेचा अहवाल आला. डोळा फिरवणारे सगळे स्नायू त्या माराबरोबरच तुटले होते.