घरचा आवाज

"काका, ऐकायलाच हवं का?" दवाखान्यातल्या मुलीने विचारलं.

"लाव," भालचंद्र म्हणाला.

गर्भपाताच्या गोळ्यांसोबत हल्ली एक बोलकी डबी मिळत असे. सूचना घरच्या माणसाच्या आवाजात ऐकल्या की बायका घाबरत नाहीत, म्हणून. कुंदाने नवऱ्याचा, भालचंद्रचाच आवाज मागितला होता. तो यंत्रमागावर पाळीला असताना ती घरी एकटीच रक्तस्रावाने गेली.

मुलीने डबीतलं त्या दिवशीचं रेकॉर्डिंग लावलं. कुंदा बोलली, "अहो, दोन तास झाले, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत."

यावर डबीने एकच सांगायचं होतं, लगेच दवाखान्यात या. पण ती भालचंद्रच्या आवाजात म्हणाली, "अगं, काही होत नाही. चहा घे आणि पड जरा."

"तुमच्या फोनवरच्या बोलण्यावरून आवाज शिकवला होता," मुलगी खाली बघत म्हणाली. "डबीने तुमचं धीर देणंही उचललं."

"मी असतो तर तिला उचलून इथे आणलं असतं. माझा आवाज घेताना मला विचारलंत कुणी?"

डबी अजून चालूच होती.

"बरं," कुंदा म्हणत होती, "तुम्ही म्हणताय ना, मग पडते."