कपभर पाणी

मिनेसोटातल्या त्या तळ्याला परक्या शिंपल्यांची कीड अजून लागली नव्हती, आणि ती लागली नाही ती केवळ आपल्यामुळेच, अशी व्हर्लिनची खात्री होती. दर शनिवारी तो धक्क्यावर ठिय्या मारून बाहेरच्या बोटवाल्यांवर डाफरायचा. तळ्याकाठी ज्याचं घर नाही, तो माणूस त्याच्या लेखी घाणच.

"काका, पाणी सोडायचं बूच काढून बोट रात्रभर वाळवलीय," गाडीमागे बोट ओढत आलेली एक बाई म्हणाली.

"आणि हे काय? तळाशी कपभर पाणी आहे अजून! या शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बाई. एवढ्याशा पाण्यानं आख्खं तळं नासतं. तुम्हा लोकांना ना अक्कल, ना लाज. फिरवा गाडी!"

बाईने कपाळावर हात मारला आणि गाडी माघारी वळवली.

"बघितलंस, आर्डिस?" घरी येताच तो बायकोला म्हणाला. "अशांना असंच हाकलायचं असतं."

"हो रे बाबा, जगात तूच एक शहाणा."

कालच तो शिंपल्यांनी नासलेल्या पलीकडच्या तळ्यावरून मासे धरून आला होता. बोट त्याने आल्या आल्या धुऊन, पुसून लख्ख कोरडी केली होती. गळाला लावायचे चिमुकले मासे तेवढे उरले होते, तिथल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत.



"बिचारे, जगू देत," म्हणत व्हर्लिनने ती बादली पाण्यासकट आपल्या तळ्यात उपडी केली.