अर्धी दाढी

कानाची पाळी हाताला लागलीच नाही.

दाढी कात्रीने बारीक करून झाली होती, फेस लावून झाला होता. उजव्या हातात वस्तरा धरून कारागिराने डावा हात पुढे केला. कल्ल्याजवळ वस्तरा टेकवण्याआधी कान दोन बोटांत धरून हलकेच दुमडायचा, ही त्याची पंचवीस वर्षांची सवय. गिऱ्हाइकाचे केस मानेवर रुळत होते आणि कान त्यात लपले होते. त्याने केस मागे सारले. कानाचा वरचा भाग जागेवर होता. खाली पाळीच्या जागी एक गुळगुळीत वण होता.

हे आपलंच काम, हे त्याला वण पाहताक्षणी कळलं.

दोन वर्षांपूर्वी त्याचं स्वतःचं सलून होतं. तीन खुर्च्या, दाराला काच आणि काचेवर त्याचं नाव. माणूस गप्पिष्ट, हात साफ. फक्त जेवणाची वेळ व्हायच्या आत अर्धी बाटली पोटात गेलेली असायची, आणि हात चालतो तो तिच्याच जोरावर, असं तो छातीठोकपणे सांगायचा. त्या दिवशी तो कुठलासा विनोद सांगत होता. विनोद रंगात आला आणि वस्तरा कानातून गेला. गिऱ्हाईक किंचाळलं, टॉवेल लाल झाला. आणि या पठ्ठ्याने काय करावं? विनोद पुरा केला आणि स्वतःच खो खो हसला. तो माणूस अर्ध्या दाढीनिशी, कानावर टॉवेल दाबून दवाखान्यात पळाला. कान कापल्याची लाज एक वेळ कारागिराने गिळली असती. त्या हसण्याची लाज आजवर गिळता आली नव्हती.

पुढचं सगळं ओळीने झालं. गिऱ्हाइकं तुटली, सलून गेलं, बायको मुलीला घेऊन भावाकडे निघून गेली. नऊ महिने तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. बाहेर आल्यावर बायकोने फोनवर एकच अट घातली. तीन महिने एका जागी टिकून दाखवा, मग मुलीला भेटायला घेऊन येते. त्याने या सलूनमध्ये काम धरलं. मधल्या काळात आजारी होतो, एवढंच मालकाला सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, पण सांगताना नजर जमिनीवर होती. आधी केर काढला, मग डोकी धुतली, मग कात्री मिळाली. वस्तरा आज सकाळी पहिल्यांदा हातात आला होता. तीन महिन्यांना बारा दिवस उरले होते.

गप्प राहिला असता तर निभावलं असतं. मिशी गेली होती, अंगाने निम्मा झाला होता, आरशात त्याला स्वतःचीच ओळख पटत नसे. गिऱ्हाईक डोळे मिटून होतं. दहा मिनिटांचं काम. पण ती मान समोर होती, मागे टेकवलेली, उघडी. आपण कुणाच्या हाती गळा देतोय हे त्या माणसाला ठाऊक नाही, आणि आपण न सांगता वस्तरा चालवायचा, म्हणजे पुन्हा तेच. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वस्तरा मिटला.

"साहेब, डोळे उघडा," तो म्हणाला. "तुमचा हा कान मीच कापलाय. प्यायलो होतो. तुम्ही दुसऱ्या खुर्चीवर बसा."

सलूनमधल्या कात्र्या थांबल्या. बाकावरच्या माणसाने पेपर खाली केला. मालक आपलं गिऱ्हाईक तसंच सोडून आला. त्याने एकदा कारागिराकडे पाहिलं, त्याच्या हातातला वस्तरा काढून घेतला, मग गिऱ्हाइकापुढे हात जोडले आणि माझ्याकडे या, मीच करतो, म्हणाला. बायकोला आता कुठल्या तोंडाने फोन करायचा, एवढंच कारागिराच्या डोक्यात होतं. एप्रनची गाठ सोडायला त्याने हात मागे नेले.

तो माणूस उठला नाही. फेसाने भरलेल्या तोंडाने आरशात पाहत राहिला. मग म्हणाला, की त्याने कारागिराला बाहेरूनच ओळखलं होतं. चार दिवस समोरच्या फुटपाथवर उभा राहून तो परत जात होता. त्या दिवसापासून कुणी वस्तरा घेऊन जवळ आलं की त्याला दरदरून घाम फुटायचा, म्हणून ही दाढी. घरचे अस्वल म्हणून चिडवायचे, तेही त्याने चालवून घेतलं होतं. आत्ताही खुर्चीतून पळून जावंसं वाटत होतं. डोळे मिटले होते ते भीतीने.

"यांच्याकडूनच करून घेणार आहे," तो मालकाला म्हणाला आणि मान पुन्हा मागे टेकवली.

 मालकाने वस्तऱ्याला नवं ब्लेड लावलं, वस्तरा कारागिराच्या हातात दिला आणि आपल्या खुर्चीकडे गेला.

कारागिराने वस्तरा उघडला. स्वतःच्या हाताकडे पाहिलं आणि वस्तरा पुन्हा मिटला. एवढ्या माणसांसमोर हीसुद्धा शोभा व्हायचीच राहिली होती.

"नको साहेब. हात थरथरतोय माझा."

"दिसतंय मला," तो माणूस म्हणाला. "त्या दिवशी अजिबात थरथरत नव्हता."