धुक्यात बसायचं

"बसा खाली," ती म्हणाली, पण कुणीच बसलं नाही.

धुकं कधी आलं ते कळलंच नव्हतं. आत्ता समोर वाट होती, कडेला खडक होते, आणि एक शिंक यायच्या आत सगळं पुसलं गेलं. पुढचा माणूस तर सोडाच, आपलेच बूट दिसेनात.

"बसायला काय नाटकाला आलोय?" रेडिओ खेकसला. तो तिच्या वडिलांबरोबर सैन्यात होता, बिनतारी संचावर. निवृत्त होताना संच परत केला. तोंड काही त्याला बंद करता आलं नाही, म्हणून सगळे त्याला रेडिओच म्हणत. "या डोंगरावर मी डोळे मिटून चालीन, पोरी."

"तेच करावं लागेल काका, उघडून काही दिसत नाहीये. बसा."

सुतार हसला. दातांचा डॉक्टर हसला नाही, त्याला थंडी वाजत होती. पण बसले दोघंही. रेडिओ पुटपुटत राहिला.

सैन्यातून परतल्यापासून तिचे वडील दर रविवारी या मंडळींना डोंगरात आणत. हरणाची लेंडी बोटांत चुरडून ते कधी इथून गेलं ते सांगणारा माणूस! गेल्या महिन्यात ते गेले. आज सकाळी पायथ्याशी गाडी लावता लावता रेडिओनं जाहीर केलं होतं, "आजचा डोंगर त्याच्यासाठी. मग बंद. आता आपल्याला नेणार कोण?" बाकीचे दोघं बुटांच्या नाड्या आवळत बसले. शाळेत असल्यापासून वडिलांच्या पाठोपाठ या वाटेनं चालणाऱ्या तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिला ते चांगलंच लागलं. बाबा गेले ते गेले. आता त्यांचे रविवारही जाणार? तिनं पाठीवर सॅक चढवली आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन चालायला लागली.

आणि आता हे धुकं. आज वाट चुकली, किंवा रेडिओ तिला बाजूला सारून पुढे निघाला, तर संपलंच सगळं.

"बाबांचा नियम माहितीये ना?" ती म्हणाली. "धुक्यात डोकी दिसत नाहीत, म्हणून आवाज मोजायचे. पाळीपाळीनं प्रत्येकानं बोलायचं. सुतारकाका, तुम्ही सुरू करा."

"काय बोलू?"

"बाबांबद्दल बोला."

सुतारानं घसा खाकरला. "मी त्याला एक काठी करून दिली होती. काय पॉलिश केलं होतं म्हणून सांगू! पुढच्या रविवारी बघतो तर सगळं खरवडून टाकलेलं. म्हणे, चकाकतं, पाखरं बिचकतात. मी बोलणंच टाकलं. मग एक दिवस स्वतःच दुकानात आला, म्हणाला, राग गेला असेल तर एक स्टूल हवंय."

धुक्यात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझ्याकडे दात काढायला आला," डॉक्टर म्हणाला. "भूल नको म्हणे, आम्ही सैनिक! मी नुसता चिमटा हातात घेतला, तर माझं मनगट धरून म्हणतो कसा, डॉक्टर, द्या भूल, पण कुणाला सांगू नका. इतकी वर्षं नाही सांगितलं."

आता सगळेच हसले. तीही हसली, आणि मग तिची पाळी आली.

"मी लहानपणी त्यांना विचारलं होतं, लढाईत भीती वाटायची का. म्हणाले, रोज. मग विचारलं, डोंगरात? तर म्हणाले, छे! इथं कुणाचा माझ्यावर राग नाही." मग ती म्हणाली, "रेडिओकाका, आता तुम्ही."

काहीच नाही.

"काका?"

"अरे बोल ना बाबा!" सुतार ओरडला. एरवी ज्याला गप्प करता करता नाकी नऊ यायचे, त्याचा आवाज येईना.

हट्टी म्हातारा! उठून चालता झाला असणार. आणि उजवीकडे कडा होता. शेजारी कुणाची तरी उठण्याची धडपड ऐकू आली.

"कुणीही उठायचं नाही!" आपला आवाज एवढा चढू शकतो हे तिलाही माहीत नव्हतं. "काका, असाल तिथं खाली बसा आणि आवाज द्या. विनवणी करत नाहीये मी, सांगतेय."

हाताच्या अंतरावर कुणीतरी नाक ओढलं.

"बसलोय गं. कधीचाच बसलोय. बोलायला गेलो तर रडूच यायला लागलं."

कुणी हसलं नाही. तिनं चाचपडत त्याचा खांदा शोधला आणि हात तिथंच ठेवला.

"मग रडा काका. तोही आवाजच की. मोजला मी."

आणि तो रडला. अगदी मोकळेपणानं, लाजबीज सोडून.

पुढे केव्हातरी धुकं विरायला लागलं. आधी खडक दिसले, मग वाट. अगदी समोर होती, मघाशी होती तिथंच.

"बघ!" रेडिओनं रुमालानं नाक पुसलं. "चार पावलं टाकली असती तर सापडली असती. उगाच गारठवलंस आम्हाला. तुझा बापही असाच. धुकं गेलं की वाट नाकासमोर. काय शिव्या घालायचो मी त्याला!"

"मलाही घाला," म्हणत तिनं सॅक उचलली.

रेडिओ गुडघे धरत उठला, सवयीनं वाटेवर पुढे झाला, आणि थबकला. मग कडेच्या दगडावर पाय ठेवून त्यानं तिला पुढे जायला जागा करून दिली. ती गेली. तिच्या मागून डॉक्टर, सुतार, आणि शेवटी तो.

"पुढच्या रविवारी किती वाजता गं?" मागून आवाज आला.

"नेहमीच्याच वेळेला," ती वळून न बघता म्हणाली. "आणि उशीर झाला तर थांबणार नाही मी."

"तोही असंच म्हणायचा," रेडिओ म्हणाला. "आणि माझ्यासाठी थांबायचा."